जंतूंचा हिशेबी संसार

रात्री जेवणेखाणे उरकली की घरातली बाई कोमट दुधाला चमचाभर विरजण लावते, भांड्यावर झाकण ठेवते आणि निजायला जाते. सकाळी बघावे तो दही तयार. विरजणातले असंख्य जंतू रात्रभर दुधातली साखर खातात, तिचे आम्ल करतात आणि त्या आम्लाने दूध थिजते, एवढे आपण सगळे शाळेत शिकलो. तुम्ही शिक्षक असाल तर वर्गात शिकवतही असाल. पण ह्या साध्या गोष्टीतला एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. दुधातली साखर फोडायला जंतूला एक खास हत्यार लागते. मग जवळपास दूध नसते तेव्हा त्या हत्याराचे काय होते? जंतू ते सदोदित परजून बसतो, की गरज पडेल तेव्हाच घडवतो? आणि गरज पडली हे त्याला सांगतो कोण? त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, मेंदू तर नाहीच नाही.

वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला पाव शतकाहून अधिक काळ लागला. त्या शोधाची हकिकत पॅरिसला सुरू होते, तिचा एक धागा मुंबईला येऊन पोचतो आणि शेवटी ती आपल्या गोठ्यापर्यंत आणि औषधाच्या कपाटापर्यंत येते. म्हणून ती आज सांगायची.

सुरुवात मात्र आपण घराजवळूनच करू. मुंबईच्या उपनगरात, अंधेरी आणि बोरिवली ह्यांच्या दरम्यान, गोरेगावला आरे दुग्ध वसाहत आहे. एके काळी मुंबई शहरातच, दाट वस्तीत, म्हशींचे तबेले असत. घाण, माशा, रोगराई आणि पाणी घातलेले दूध ह्यांनी लोक त्रासले होते. १९४९ साली आरेची वसाहत उभी राहिली. शहरातल्या म्हशी टेकड्यांच्या कुशीत मोकळ्या हवेत आल्या, दूध यंत्रात तापवून आणि निववून काचेच्या बाटल्यांतून घरोघर जाऊ लागले. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. ह्या योजनेमागे दूध आयुक्त दारा खुरोडी ह्यांचे मोठे श्रम होते, आणि १९६३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला.

शहरातल्या त्या जुन्या तबेल्यांचा एक कठोर हिशेब होता. चारा विकत, पाणी विकत, जागा अपुरी. दुभती म्हैस तेवढी ठेवायची. भाकड झाली की तिला पोसणे परवडत नसे, आणि पुष्कळदा तिची रवानगी कसायाकडेच होई. माणसाला हा हिशेब निष्ठुर वाटतो, आणि आहेच. पण म्हशीच्या दुधात वाढणारा जंतू ह्याहूनही काटेकोर हिशेबाने जगतो. फरक इतकाच की तो भाकड जनावर मारून टाकीत नाही. तो ते दावणीला बांधून ठेवतो आणि वेळ येईपर्यंत त्याला चारा घालीत नाही. म्हणजे काय, ते आता पाहू.

एक लिटर दुधात साधारण ५० ग्रॅम साखर असते. ही उसाची साखर नव्हे. हिला लॅक्टोज म्हणजे दुग्धशर्करा म्हणतात. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन लहान शर्करांची ही जोडगोळी असते. जोडगोळी फुटल्याशिवाय जंतूला ती पचत नाही. फोडण्याचे काम करणारे जे हत्यार, त्याला विकर म्हणतात, आणि विकर हे एक प्रथिन असते. प्रथिन कसे घडवायचे ह्याची कृती जनुकात लिहिलेली असते. सगळी जनुके मिळून डीएनए नावाची एक लांबच लांब, पीळदार, दुपदरी दोरी होते. तिच्यावर चारच अक्षरे आहेत: ए, टी, जी आणि सी. ह्या चार अक्षरांत साऱ्या सजीवांची पोथी लिहिलेली आहे.

शास्त्रज्ञांनी ह्या शोधासाठी जो जंतू निवडला तो दह्यातला नव्हे. तो आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय. दह्यातल्या जंतूंची तऱ्हा थोडी निराळी असते, पण हिशेबाचे तत्त्व तेच. ई. कोलायची लांबी मिलिमीटरचा सुमारे पाचशेवा हिस्सा. त्याच्या डीएनएवर सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या आणि चार हजारांहून अधिक जनुके. ती दोरी उलगडली तर दीड मिलिमीटर भरेल, म्हणजे जंतूच्या स्वतःच्या लांबीच्या कैकशे पट. खाणेपिणे चांगले असले तर हा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. ज्याला इतक्या घाईने वंश वाढवायचा आहे, त्याला चार हजार हत्यारे एकदम घडवत बसणे कसे परवडावे?

आता पॅरिसला चला. साल १९४०. फ्रान्सवर जर्मन फौजांचा ताबा. अशा दिवसांत सोर्बोन विद्यापीठात झाक मोनो नावाचा तरुण संशोधक जंतूंना दोन-दोन शर्करा एकत्र घालून त्यांची वाढ मोजीत होता. ग्लुकोज आणि लॅक्टोज एकदम घातले तेव्हा त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जंतू भराभर वाढले, मग काही वेळ थबकले, आणि मग पुन्हा वाढू लागले. आलेखावर मध्ये एक सपाट पायरी उमटली. हिरवा चारा समोर असेपर्यंत बैल कडब्याला तोंड लावीत नाही, तसा हा प्रकार. जंतूंनी आधी ग्लुकोज संपवले. ते संपल्यावर मधल्या विश्रांतीत लॅक्टोज फोडण्याचे विकर घडवले, आणि मग लॅक्टोज खायला घेतले.

तुम्ही म्हणाल, ह्यात काय मोठे? पण विचार करा. त्या काळी पुष्कळांचा असा समज होता की साखरच जंतूच्या अंगातल्या एखाद्या मऊ प्रथिनाला आपल्या आकाराचा साचा देते आणि त्याचे विकर बनते. म्हणजे जंतू साखरेकडून धडा शिकतो. हे जर खरे असेल तर जनुकांत लिहिलेल्या पोथीला अर्थ तो काय उरला? आणि खरे नसेल, तर पोथीतले नेमके तेच पान नेमक्या वेळी उघडते कोण?

मधली वर्षे मोनोंनी परकी सत्ता उलथून टाकण्याच्या गुप्त लढ्यात घालवली. युद्ध संपल्यावर ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तिथेच त्यांना फ्रान्स्वा जाकोब भेटले. जाकोबांना शल्यवैद्य व्हायचे होते, पण १९४४ साली नॉर्मंडीच्या रणांगणावर ते जबर जखमी झाले आणि तो मार्ग खुंटला. हातात चाकू धरता येईना, म्हणून हा माणूस जंतूंकडे वळला. अमेरिकेतून आर्थर पार्डी आले, आणि ह्या तिघांनी मिळून एक सुरेख प्रयोग केला. १९५९ साली तो सविस्तर प्रसिद्ध झाला.

ई. कोलाय जंतूंत नर आणि मादी असा काहीसा भेद असतो. नर आपल्या डीएनएचा पदर मादीत सरकवतो. ह्या तिघांनी अशी मादी निवडली की जिच्याजवळ विकराचे जनुकही धड नव्हते आणि त्याच्यावर ताबा ठेवणारे जनुकही नव्हते. नराजवळ दोन्ही होती. समोर दुग्धशर्करा मुळीच नव्हती. नराचा डीएनए मादीत शिरला मात्र, विकर लगेच तयार होऊ लागले! साखर नाही, तरीही. पण साधारण तासाभराने ते काम आपोआप थांबले. ह्याचा अर्थ काय? नराबरोबर आलेल्या दुसऱ्या जनुकाने मादीच्या अंगात हळूहळू काहीतरी तयार केले, आणि त्या ‘काहीतरी’ने विकराचे काम बंद पाडले. म्हणजे साखर काम सुरू करीत नाही. काम तर मुळातच सुरू व्हायला टपलेले असते. कोणीतरी ते अडवून धरलेले असते, आणि साखर फक्त ती अडवणूक दूर करते.

ह्या अडवणाऱ्याला शास्त्रज्ञ रिप्रेसर म्हणतात. आपल्याकडे ह्याला एक फार चांगला शब्द आहे: अडसर. वाड्याच्या दाराला आतून आडवे लाकूड घालतात ना, तो अडसर. आणि तो ज्या खाचेत बसतो ती डीएनएवरची जागा म्हणजे ऑपरेटर. तिला आपण चौकट म्हणू.

इथे एका चौथ्या माणसाचे नाव घेतले पाहिजे. अणुशक्तीच्या इतिहासात गाजलेले लिओ सिलार्ड हे पदार्थवैज्ञानिक नंतरच्या काळात जीवशास्त्राकडे वळले होते. अडवणूक दूर करूनच काम सुरू होत असेल, हा विचार त्यांनी मोनोंपुढे आग्रहाने मांडला होता. मोनोंनी आपल्या नोबेल व्याख्यानात त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. १९६१ साली जाकोब आणि मोनो ह्यांनी सबंध उपपत्ती लिहून प्रसिद्ध केली, आणि १९६५ साली त्यांना त्यांचे ज्येष्ठ सहकारी आंद्रे ल्वॉफ ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्याच सिलार्डांमुळे आपल्या गोष्टीचा धागा मुंबईला येतो. डॉक्टर होमी भाभा तेव्हा कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था वाढवीत होते. संस्था होती गणिताची आणि पदार्थविज्ञानाची. उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे ओबेद सिद्दिकी नावाचे एक तरुण जीवशास्त्रज्ञ ग्लासगोहून पदवी घेऊन त्या वेळी अमेरिकेत संशोधन करीत होते. त्यांचे नाव सिलार्डांनी भाभांना सुचवले. भाभांनी त्यांना बोलावून घेतले, आणि १९६२ साली त्या संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. जनुकांचे काम रेणूंच्या पातळीवर तपासणारे आपल्या देशातले हे अगदी सुरुवातीचे केंद्र. सिद्दिकींचे काम त्याच ई. कोलाय जंतूवर होते. ॲलन गॅरन ह्यांच्याबरोबर त्यांनी १९६२ साली दाखवून दिले होते की जनुकात कृती मध्येच तुटावी अशी चूक झाली असली, तरी दुसऱ्या एका जनुकातल्या बदलाने ती सावरली जाते. नर-मादी जंतूंमध्ये डीएनए कसा जातो आणि कसा रुजतो, हाही त्यांचा अभ्यासाचा विषय होता. पुढे ते माशीच्या मेंदूकडे वळले, आणि त्यांनी लावलेल्या रोपातूनच बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र वाढले. २०१३ साली ते वारले. एका पदार्थवैज्ञानिकाने दुसऱ्याला सुचवावे आणि मुंबईत जीवशास्त्राचे दालन उघडावे, हा योग मोलाचा खरा!

पण १९६२ साली अडसर कोणी पाहिलेला नव्हता. तो कशाचा बनलेला आहे हेही ठाऊक नव्हते. खुद्द जाकोब आणि मोनो ह्यांचा अंदाज होता की तो आरएनएचा असावा. हा अंदाज चुकला. १९६६ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल ह्यांनी तो प्रत्यक्ष वेगळा काढला. निघाले प्रथिन! अडचण ही होती की एका जंतूत हे प्रथिन जेमतेम दहावीस रेणू इतकेच असते. लाखो इतर रेणूंतून ते शोधणे म्हणजे पंढरीच्या वारीत आपली दोन माणसे शोधण्यासारखे. त्यांनी युक्ती केली. दुग्धशर्करेसारखाच वागणारा, पण जंतूला पचत नाही असा एक पदार्थ घेतला, त्याला किरणोत्सर्गी खूण लावली, आणि ती खूण कोण धरून ठेवतो ते पाहिले. दुसऱ्याच वर्षी दाखवता आले की हे प्रथिन डीएनएच्या नेमक्या जागी घट्ट बसते, आणि तो पदार्थ घातला की सुटते. त्याच सुमारास मार्क टाशनी ह्यांनी जंतूला ग्रासणाऱ्या एका विषाणूचा अडसरही असाच वेगळा काढला.

आता अडसर चौकटीत बसतो कसा, ते समजून घेऊ. इथे गोष्टीचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. अक्षरांच्या जोड्या म्हणजे तिच्या पायऱ्या. पीळ पडल्यामुळे बाहेरून दोन खोबणी दिसतात, एक रुंद आणि एक अरुंद. शिडी न उघडताही रुंद खोबणीत पायऱ्यांच्या कडा हाताला लागतात. अंधारात कोनाड्यातल्या किल्ल्या चाचपून आपण हवी ती किल्ली ओळखतो ना, तसा अडसर ह्या कडा चाचपून अक्षरे ओळखतो. १९८१ आणि १९८२ साली अशा तीन प्रथिनांच्या आकृत्या क्ष-किरणांच्या साह्याने स्पष्ट झाल्या. तिन्हींत एकच घडण दिसली: प्रथिनाचा एक पीळदार तुकडा, मग वळण, मग दुसरा पीळदार तुकडा. ह्यातला एक तुकडा बोटासारखा रुंद खोबणीत शिरतो आणि दुसरा त्याला आधार देतो. दुग्धशर्करेच्या अडसराची सबंध आकृती मिळायला मात्र १९९६ साल उजाडले.

अशी बोटे जोडीने असतात. म्हणून चौकटीवरची अक्षरेही जोडीनेच लिहिलेली असतात. शिक्षकांनी हे फळ्यावर लिहून दाखवावे. दुग्धशर्करेच्या मुख्य चौकटीची सुरुवातीची सहा अक्षरे अशी: ए ए टी टी जी टी. शेवटची सहा अशी: ए सी ए ए टी टी. दोन्ही वेगळी दिसतात. पण डीएनएला दोन पदर आहेत. एका पदरावर ए असेल तर समोर टी, आणि जी असेल तर समोर सी. शेवटच्या सहा अक्षरांच्या समोरचा पदर मुलांना लिहायला सांगा आणि तो उलट्या बाजूने वाचायला लावा. काय येते? ए ए टी टी जी टी! म्हणजे दोन्ही टोकांना तोच मजकूर, फक्त समोरासमोर तोंड करून. जुवाला दोन बाजूंनी दोन बैल जुंपावेत तसे अडसराचे दोन भाग इथे बसतात. ही चौकट १९७३ साली गिल्बर्ट आणि ॲलन मॅक्सम ह्यांनी वाचली. २४ अक्षरजोड्या वाचायला तेव्हा फार कष्ट पडले होते.

एवढ्याने भागत नाही. ४६ लाख अक्षरांत ही चौकट सापडायची कशी? घाटकोपरच्या एखाद्या जुन्या चाळींच्या वस्तीत नवखा टपालवाला आला असे समजा. तो प्रत्येक दारासाठी रस्त्यावरून नव्याने येत नाही. एका चाळीत शिरतो, गॅलरीतून पाट्या वाचीत सरकतो, मग उतरून दुसऱ्या चाळीत जातो. अडसरही तेच करतो. डीएनएवर ऋण विद्युत्भार असतो, अडसराच्या बोटांवर धन. त्यामुळे तो कुठेही सैलसा चिकटतो आणि दोरीवरून घसरत अक्षरे तपासतो. २००७ साली जिवंत जंतूच्या आत एकेका अडसरावर नजर ठेवता आली, तेव्हा दिसले की त्याचा सुमारे नव्वद टक्के वेळ अशा घसरण्यातच जातो. हवी ती जागा सापडली की मात्र बोटे घट्ट बसतात. मग जनुकाची नक्कल करणारे यंत्र पुढे सरकू शकत नाही आणि विकर तयार होत नाही.

दूध आले की काय होते? थोडी दुग्धशर्करा आत जाते आणि तिचे थोडे रूपांतर होते. तो बदललेला रेणू अडसराच्या अंगातल्या एका खळग्यात बसतो. त्यासरशी अडसराची ठेवण बदलते, बोटे खोबणीतून सैल होतात आणि दार उघडते. विकराचे प्रमाण हजार पटींच्या घरात वाढते. साखर संपली की अडसर पुन्हा जागेवर. ‘दार बंद असताना पहिली साखर आत गेलीच कशी?’ असे एखादा चौकस मुलगा विचारील. त्याला शाबासकी द्या. अडसर मधूनमधून क्षणभर निसटतो, त्यामुळे पाचदहा रेणू नेहमीच तयार असतात. दार बंद असले तरी फट असते.

आणि ग्लुकोजची ती पहिली पसंती? तिथे दुसरे प्रथिन लागते. ते अडवणारे नाही, हातभार लावणारे आहे. कर्जतला बोरघाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिने लावतात, तसे हे प्रथिन डीएनएवर बसून नक्कल-यंत्राला जोर देते. ग्लुकोज संपल्याची वर्दी मिळाली तरच ते कामावर येते. म्हणजे दोन अटी झाल्या: दूध आहे, आणि त्याहून सोपे खाणे नाही. दोन्ही पुऱ्या झाल्या की गाडी भरधाव सुटते. मोनोंनी १९४० साली पाहिलेली ती सपाट पायरी म्हणजे ह्या दोन अटींमधली वाट पाहणे होते.

आरेच्या टेकड्यांना लागूनच पवई आहे. तिथे १९५८ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. दुग्धशर्करा फुटल्यावर तिचा जो दुसरा अर्धा भाग उरतो, तो गॅलॅक्टोज. पवईच्या संस्थेत पी. जे. भट आणि के. व्ही. वेंकटेश ह्यांनी किण्वाची पेशी गॅलॅक्टोजसाठी जनुके कशी उघडते आणि मिटते, ह्याचा गणिताने आणि प्रयोगाने अनेक वर्षे अभ्यास केला. किण्व म्हणजे पावाचे पीठ फुगवणारे यीस्ट. ते जंतूंहून वरच्या पायरीवरचे, त्यामुळे तिथली यंत्रणाही अधिक गुंतागुंतीची. तिथे अडसरावर आणखी अडसर असतो. अभ्यासाचा प्रश्न मात्र तोच: थोडी साखर आली, तर दार किती उघडायचे?

बरे, ह्या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय? एक उपयोग मधुमेहाच्या रोग्यांना विचारा. पूर्वी इन्शुलिन गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ साली शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्शुलिनची कृती ई. कोलायमध्ये घातली आणि ती ह्याच दुग्धशर्करेच्या चौकटीमागे जोडली. जंतू इन्शुलिनचे भाग घडवू लागले. १९८२ पासून असे जंतूंकरवी बनवलेले मानवी इन्शुलिन बाजारात आले.

दुसरी बाजू मात्र काळजीची आहे, आणि तिच्यासाठीच मी हे सारे सांगितले. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. केवढा आनंद होता तो! परंतु काही जंतूंजवळ पेनिसिलिन तोडणारे विकर असते. पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूत ह्या विकराच्या जनुकावरही असाच एक अडसर बसलेला असतो. औषधाची चाहूल लागली की अडसर हटतो. टेट्रासायक्लीन ह्या औषधाचे तर उदाहरण अगदी आरशासारखे स्वच्छ आहे. काही जंतूंजवळ हे औषध बाहेर उपसून टाकणारा पंप असतो. पंपाच्या जनुकावर अडसर असतो. औषधाचा रेणू स्वतःच त्या अडसरात शिरतो आणि त्याला हटवतो. चोराला मारायला आपण काठी उगारतो, आणि त्याच काठीच्या स्पर्शाने चोराची ढाल उघडते!

ह्यातला खरा धोका पुढे आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की औषध काही दिवस बंद ठेवले की जंतू ती ढाल टाकून देतील, कारण उगाच ओझे कोण वाहील? पण आठवा, हा जंतू भाकड जनावर विकीत नाही. ढाल मिटलेली असते तोवर तिला पोसायचा खर्च जवळजवळ काहीच नसतो. म्हणून तो ती पिढ्यानपिढ्या बाळगू शकतो. अडसर आहे म्हणूनच ढाल स्वस्त आहे. आणि जितक्या वेळा आपण विनाकारण औषध वापरतो, तितक्या वेळा ढालवाले जंतू जगतात आणि बिनढालीचे मरतात. हळूहळू गावातले सगळेच जंतू ढालवाले होऊ लागतात.

म्हणून, शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, म्हैस जरा मलूल दिसली की दुकानातून मनानेच अँटिबायोटिक आणून टोचू नका. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. औषध दिले असेल तर त्यांनी सांगितलेले दिवस पुरे होईतो ते दूध विकू नका आणि घरातही वापरू नका. अशा दुधाला विरजण लावून बघितलेल्या घरांना एक अनुभव येतो: दही नीट लागत नाही. कारण दुधात उतरलेल्या औषधाने विरजणातले गरीब जंतू मरतात. घरात मुलांना उरलेल्या गोळ्या पुढल्या तापाला देऊ नका. सर्दीपडसे बहुतेक विषाणूंमुळे होते आणि त्यावर ह्या गोळ्या चालत नाहीत. डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांनी सांगितले तसेच आणि तितकेच घ्या.

शिक्षकबंधूंना आणखी एक विनंती. जनुकांविषयी शिकवताना ‘जनुकात असेल तसेच होणार’ असे मुलांच्या मनावर ठसू देऊ नका. ई. कोलायजवळ चार हजारांहून जास्त जनुके आहेत, पण एका वेळी ती सगळी बोलत नाहीत. आपल्या शरीरातही बहुतेक पेशींत सगळी पोथी सारखीच आहे. तरी डोळ्याची पेशी डोळा राहते आणि यकृताची यकृत. कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटायचे, हे पानावर बसणारी प्रथिने ठरवतात, आणि त्या प्रथिनांना वर्दी देते भोवतालची परिस्थिती. जवळ काय आहे हे जसे महत्त्वाचे, तसेच ते केव्हा आणि किती वापरायचे हेही. जंतूच्या अंगच्या ह्या हिशेबाचे लेखी पुरावे माणसाला १९४० पासून एकेक करून गोळा करावे लागले.

आज रात्री दुधाला विरजण लावाल तेव्हा क्षणभर त्या भांड्याकडे बघा. झाकणाखाली, अंधारात, लक्षावधी दारांचे अडसर निघत असतील.